खांद्याला ‘स्टेम सेल’ म्हणून नेमकं काय टोचलं, ते फाइल मागितल्यावर कळलं

ऑपरेशनशिवाय खांदा बरा करून देतो, अशी जाहिरात व्हॉट्सॲपवर आली असेल, किंवा सोसायटीच्या फलकावर ‘मोफत खांदा-गुडघा तपासणी शिबिर’ लागलं असेल, तर तिथे जाण्याआधी हे वाचा. नाशकात आमच्या आईच्या बाबतीत जे झालं ते लिहिते आहे. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे क्लिनिकचं नाव देत नाही. पण शिबिरवाल्यांची पद्धत सगळीकडे साधारण अशीच असते, असं आता बऱ्याच जणांशी बोलल्यावर लक्षात आलंय.

आई ६३ वर्षांची, मधुमेह आहे, गोळ्या चालू. पावसाळ्यात जिन्यात पाय घसरून उजव्या हातावर पडली. हाड मोडलं नव्हतं, पण हात बाजूने वर जाईना. डाव्या हाताने उचलून धरला तर जायचा, सोडला की धपकन खाली. शेजारच्या काकूंनी ‘फ्रोझन शोल्डर’ ठरवूनही टाकलं. (फ्रोझन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलूनही हात पुरता वर जात नाही. हा फरक आम्हाला पुढे सर्जननी समजावला.) एमआरआयमध्ये सुप्रास्पिनेटस नावाचं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) पूर्ण जाडीत फाटलेलं दिसलं. खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंची टेंडन्स वेढून असतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातलं हे सगळ्यात वरचं, आणि बहुतेकदा फाटतं तेही हेच. अस्थिरोगतज्ज्ञ म्हणाले, दुर्बिणीतून शिवून घ्या, पडून फाटलेलं आहे, फार लांबवू नका.

आईला ऑपरेशनचं नाव नको होतं. त्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये त्या क्लिनिकचं शिबिर लागलं. बीपी फुकट, शुगर फुकट, चहा-बिस्किटं. पांढरा कोट घातलेली एक मुलगी एकेकाला बाजूला घेऊन बोलत होती. ती डॉक्टर नव्हती, ‘पेशंट काउन्सेलर’ होती, हे तिच्या कार्डावर बारीक अक्षरात होतं.

“काकू, या वयात कशाला चिरफाड करून घेता? तुमच्याच शरीरातल्या स्टेम सेल तुमच्याच खांद्यात घालायच्या. औषधच नाही, तर साइड इफेक्ट कुठून येणार?” (स्टेम सेल म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी.)

बाबांनी विचारलं, “रिपोर्टमध्ये पूर्ण फाटलंय असं लिहिलंय. ते जोडलं जाईल?”

“सर, नवीन टेंडन तयार होतं. शंभरातल्या नव्वद पेशंटना रिझल्ट येतो.”

हे नव्वद कुठून आले, कोणी मोजले, हे तिच्याकडच्या एकाही कागदावर नव्हतं. पॅकेज २,४०,००० रुपयांचं, शिबिरात त्याच दिवशी नाव नोंदवलं तर १,६०,०००. उरलेलं सगळं काम टॅबलेटवर झालं. बाबांचं आधार, पॅन, एक ओटीपी, आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ मंजूर. ते वैद्यकीय कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीने पूर्ण रक्कम त्याच संध्याकाळी क्लिनिकच्या खात्यात भरली. आईच्या दंडाला सुई लागायच्या आधीच क्लिनिकचे पैसे चुकते झाले होते, आणि तिथून पुढे देणं होतं ते बाबांचं, फायनान्स कंपनीला.

पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी मी सोबत होते. टेक्निशियनने कोपराच्या आतल्या शिरेतून रक्त घेतलं, मशीनमध्ये फिरवलं, वरचा पिवळसर भाग वेगळा काढला. डॉक्टर आले, पडदा ओढला, इंजेक्शन दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी आईला उभं करून हात वर करायला सांगितलं आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला. हात बराच वर गेला. आईच्या डोळ्यांत पाणी. पुढे हाच व्हिडिओ त्यांच्या जाहिरातीत ‘एका इंजेक्शनमध्ये चमत्कार’ म्हणून फिरला. इंजेक्शनमध्ये भुलीचं औषध असेल तर दुखणं तासाभरासाठी बंद होतं आणि दुखण्यामुळे अडलेला हात वर जातो. टेंडन मात्र जिथे फाटलंय तिथेच असतं.

त्याच रात्रीपासून आईची शुगर वाढली. एरवी उपाशीपोटी १३०-१४० असणारी, ग्लुकोमीटरवर ३०० च्या वर. क्लिनिकला फोन केला तर उत्तर मिळालं, “दिवाळी जवळ आलीये, काकूंनी फराळ चाखला असेल.” आमच्याकडे तोवर चकलीची भाजणीसुद्धा दळून आली नव्हती. चार-पाच दिवसांत शुगर खाली आली आणि दुखणं खरंच कमी झालं, म्हणून विषय मागे पडला. दुसऱ्या इंजेक्शननंतर पुन्हा तेच.

उलगडा केला तो मामेभावाने. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. भाऊबीजेला आला होता. त्याने एकच विचारलं, “आत्या, रक्त कुठून घेतलं?” आईने हात दाखवला. “मग हे पीआरपी झालं. स्टेम सेल काढायच्या तर कमरेच्या हाडातून मज्जा काढतात, नाहीतर पोटावरची चरबी. तुला असं काही केलं का?” केलं नव्हतं. “आणि स्वतःच्या रक्ताने कोणाची शुगर तीनशेला जात नाही. आत स्टिरॉइड होतं का ते विचारा.”

पीआरपी म्हणजे प्लेटलेट्सचं प्रमाण वाढवलेला रक्तद्रव. ती थोतांड नाही, बरेच अस्थिरोगतज्ज्ञ देतात. आम्ही गावातच दोन ठिकाणी चौकशी केली, तर एका इंजेक्शनचे दहा हजारांच्या आसपास सांगितले. पण खांद्यात तिचा फायदा किती, यावर निष्कर्ष एकसारखे नाहीत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुर्कस्तानातल्या एका चाचणीत जुनाट दुखणं किंवा अर्धवट फाटलेलं टेंडन असलेल्या ४० रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी आणि निम्म्यांना मिठाचं पाणी टोचलं, व्यायाम सगळ्यांना दिला. वर्षाने पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. आणि ते अर्धवट फाटलेले होते. पूर्ण फाटून हाडापासून सुटलेलं टोक सुईने परत हाडाला जाऊन चिकटेल, असं आम्ही नंतर विचारलेल्या एकाही डॉक्टरने सांगितलं नाही. उलट एक सर्जन म्हणाले की वयोमानाने झिजून फाटलेल्या कितीतरी खांद्यांना नुसता नीट केलेला व्यायाम पुरतो, साठीनंतर काहींचं टेंडन फाटलेलं असतं आणि त्यांना पत्ताही नसतो. म्हणजे इंजेक्शन घेऊन बरे झालेले लोक खोटं बोलत नसतील. ते कशाने बरे झाले, हा प्रश्न वेगळा.

राहिली स्टेम सेलची गोष्ट. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडून बाकी स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीतच करावा असं म्हटलंय. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. त्यानंतर गुडघ्याच्या संधिवातासाठी एका उत्पादनाला आपल्याकडे परवानगी मिळाली, आणि शिबिरवाले त्याच बातमीचं कात्रण दाखवतात. बातमी गुडघ्याची, विकतात खांद्याला.

मी क्लिनिकला लेखी अर्ज देऊन फाइल मागितली. हे प्रत्येकाने करावं. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रं द्यायची असतात. आधी “मॅनेजर रजेवर आहेत”, मग “सिस्टीम बंद आहे”. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली होती म्हणून शेवटी फाइल मिळाली. ती वाचताना बाबा मटकन खाली बसले. औषधांच्या पानावर दोन्ही वेळेला ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम. हे स्टिरॉइड, शुगर वाढवणारं. मधुमेही माणसाला न सांगता दिलेलं. बिलावर ‘पीआरपी व फिजिओथेरपी पॅकेज’. स्टेम सेल हा शब्द अख्ख्या फाइलमध्ये एकदाही नाही. तो फक्त बोलण्यात होता. संमतीपत्र इंग्रजीत, आणि त्यात लिहिलेलं की ऑपरेशनचा पर्याय समजावून सांगितला, रुग्णाने नाकारला, परिणामाची हमी नाही. खाली आईची मराठीतली सही.

बिलात ‘सोनोग्राफी गाइडन्स’चे वेगळे १२,००० लावले होते. सोनोग्राफी मशीन असलेल्या जागी ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी आणि नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावंच लागतं, मशीन खांद्यासाठी वापरलं तरी. त्या क्लिनिकमध्ये अशी पाटी नव्हती. इंजेक्शनच्या वेळी पडद्याच्या आत मी होते, तिथे मशीनही नव्हतं.

तिसरं इंजेक्शन आम्ही घेतलं नाही. संक्रांतीनंतर पुन्हा एमआरआय केला. टेंडनचं टोक आणखी मागे ओढलं गेलं होतं आणि स्नायूत चरबी दिसू लागली होती. उशीर झाला नसता तर असं झालंच नसतं, असं सर्जन छातीठोकपणे म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही. पण फाटलेला स्नायू काम न करता राहिला की हेच होत जातं, हे त्यांनी सांगितलं. शिवाय नुकतंच स्टिरॉइड गेलेलं असल्याने जंतुसंसर्गाच्या भीतीने ऑपरेशनसाठी आणखी थांबावं लागलं. अखेर झालं. पूर्ण शिवता आलं नाही, जमलं तेवढं शिवलं. आईचा हात आता खांद्याच्या पातळीपर्यंत जातो. वेणी घालायला माझी नाहीतर वहिनीची मदत लागते.

मेडिक्लेमने ऑपरेशनचे पैसे दिले, इंजेक्शनचे नाकारले. क्लिनिकने ६०,००० परत देऊ केले, पण एका कागदावर सही हवी होती: तक्रार करणार नाही, कुठे बोलणार-लिहिणार नाही. आम्ही सही केली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि १९१५ या हेल्पलाइनवर सुरुवात कशी करायची ते सांगतात. त्या डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासली. नोंदणी खरी होती, पण अस्थिरोगाची पदवी नव्हती. तिथेही तक्रार दिली आहे. आमचं म्हणणं एवढंच की तोंडी एक विकलं, टोचलं दुसरं, आणि कागदावर तिसरं लिहिलं. पुरावा म्हणून शिबिरातलं पत्रक, काउन्सेलरचे व्हॉट्सॲप मेसेज आणि तो ‘चमत्कारा’चा व्हिडिओ जोडलाय. तो त्यांनीच आमच्या हातात दिला.

फायनान्स कंपनी म्हणते, क्लिनिकशी तुमचा वाद तो तुमचा. कर्ज घेतल्यावर थोड्या दिवसांत ते मागे घेण्याची मुदत असते म्हणे, ती आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. हप्ते अजून दर महिन्याच्या पाच तारखेला बाबांच्या पेन्शन खात्यातून जातात.