शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर: मार्क टू अँबेसिडरचा तडकलेला मॅनिफोल्ड आणि बिडातलं कळणारं गॅरेज

आमची अँबेसिडर मार्क टू, 1966 सालची. सासऱ्यांनी गुळाच्या अडतीवर चार पैसे गाठीला बांधून घेतलेली. ते गेल्यापासून मीच चालवते. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालून टिकटिक यायची आणि पाच-सात मिनिटांनी इंजिन तापलं की बंद व्हायची. एका गॅरेजने दोनदा टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) सेट केले, एकदा जोडातलं पॅकिंग बदललं. पैसे गेले, आवाज तसाच.

मग एका रविवारी जोतिबाच्या चढाला मागे बसलेला नातू म्हणाला, "आजी, डोकं दुखतंय." तेवढ्यात मलाही धुराचा वास आला. सगळ्या काचा खाली केल्या आणि तिथूनच गाडी वळवली. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे वास आला नसता तर मला कळलंही नसतं. त्या दिवसापासून गाडी दारात उभी केली.

हे गॅरेज मला आमच्या शेजारच्या टर्नरने सांगितलं. उद्यमनगरात लेथच्या दुकानांच्या रांगेतच आहे, पाटी नाही. मेस्त्रींनी आवाज कसा येतो ते ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाले, "गाडी रातभर हितंच ऱ्हाऊ द्या काकी. तापल्यावर त्यो आवाज मिटतोय, मग मी ऐकू काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. इंजिन पूर्ण गार होतं. त्यांनी सायलेन्सरच्या शेपटीत ब्लोअरची नळी घातली, भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि वारा सोडला. मग ब्रशने मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाच्या तोंडांतून धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) नळकांड्यावर, साबणाचं पाणी फिरवायला लागले. पॅकिंगच्या कडेला शेवटच्या तोंडाशी थोडा फेस आला. पण मधल्या तोंडाच्या मुळाशी, खालच्या अंगाला, हात घालूनच कळेल अशा जागी बुडबुड्यांची रांगच लागली. आरसा धरून त्यांनी मला ती दाखवली. तिथे काजळीचा काळा ओघळही होता. आधीच्या गॅरेजात तो कुणाला दिसला नाही, कारण कुणी वाकून बघितलंच नव्हतं.

या 1489 सीसीच्या इंजिनात दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरचा धूर मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतो. दोघांची धग एकाच जागी, म्हणून तिथलं बीड जास्त तापतं. गार असताना चीर उघडी असते, तिच्यातून हवा फटफटते आणि ते ऐकायला हुबेहूब टॅपेटसारखं लागतं. तापल्यावर धातू फुगतो, चीर मिटते, आवाज थांबतो. मेस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा गेल्या सहा महिन्यांचं कोडं मला एका दमात उलगडलं.

मॅनिफोल्ड काढताना दोन स्टड (नट बसतात ते आट्यांचे दांडे) तुटले. एक तापवून, तेल सोडून निघाला. दुसऱ्याला मधोमध ड्रिल मारावं लागलं. मग तारेच्या ब्रशने काजळी काढून भाग लख्ख केला, त्यावर रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची पूड चोळली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. दोनेक मिनिटांत त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली, चांगली दीड इंच लांब. चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

नवा ओतून घेता येईल का, असं मी विचारलं. एवढ्या फौंड्रीवाल्यांच्या गावात हा प्रश्न साहजिक होता. त्यांनी नीट समजावलं: गार होताना बीड शंभरात एकाएवढं आकसतं, म्हणून जुन्या मॅनिफोल्डवरच साचा घेतला तर नवा आखूड येतो आणि स्टड बसत नाहीत. थोडा मोठा असा वेगळा पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) हवा, आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स हवा. एका नगासाठी तो खर्च झेपणारा नव्हता. मलाही जुनाच हवा होता.

चिरेच्या दोन्ही टोकांना त्यांनी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. चीर व्ही आकारात कोरली. सगळा मॅनिफोल्ड भट्टीत तापवला आणि निकेलच्या रॉडने इंचाहून लहान टाके घालत गेले. प्रत्येक टाक्यानंतर हातोडीने हलके ठोके. शेवटी तो चुन्याच्या पुडीत पुरून ठेवला. "घाईनं गार झालं की शेजारीच तडकतंय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी त्याला हात लावला नाही.

मला सगळ्यात आवडलं ते त्यानंतरचं काम. तोंडं वाकली होती. सरळपट्टी ठेवल्यावर कडेच्या तोंडाखाली फट मोजायच्या फिलर गेजचं 0.40 मि.मी.चं पातं सहज सरकत होतं. ती ग्राइंडिंग करून सपाट केली. पण या गाडीत इनलेट (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारा) हे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला असतात आणि काही ठिकाणी एकच जाड वॉशर दोघांच्या कडा दाबतो. एक्झॉस्टची कड पातळ झाली तर वॉशर इनलेटवरच टेकतो, एक्झॉस्ट सैल राहतो आणि पुन्हा लीक सुरू. मेस्त्रींनी दोन्ही कडा मायक्रोमीटरने मोजल्या आणि इनलेटच्या कडाही तेवढ्याच उतरवल्या. मी सांगितलं नव्हतं, मला ते माहीतही नव्हतं. नट पितळी घातले, म्हणजे पुढच्या वेळी गंजून चिकटणार नाहीत.

आणि मूळ दुखणं? गिअरबॉक्सजवळचा सायलेन्सर पाइपचा क्लॅम्प तुटलेला होता. पाइपचं सगळं वजन मॅनिफोल्डला लोंबकळत होतं. "ह्यो जोडला न्हाई तर माझं वेल्डिंगबी फुटंल," असं म्हणून त्यांनी आधी तो बनवला.

तक्रारी आहेत. पाच दिवस म्हणाले आणि अकरा लागले. फोन उचलत नाहीत, त्यामुळे दोनदा माझा हेलपाटा झाला. पक्कं बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून दिलं. ज्याला विम्यासाठी किंवा ऑफिसात कागद द्यायचे असतील त्याने आधीच बोलून घ्यावं. बसायला धड जागा नाही. पूर्ण खर्च, स्टड आणि क्लॅम्प धरून, 6,800 रुपये. आधीच्या टॅपेट-पॅकिंगवर मी याच्या निम्म्याहून जास्त घालवले होते.

दोनशे किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा आवळायला बोलावलं होतं. पन्हाळ्याच्या दोन खेपा धरून तेवढे झाले, तेव्हा गेले. गार इंजिनावर मधल्यापासून बाहेर अशा क्रमाने त्यांनी सगळे नट तपासले, त्यातले दोन नट पाव आटा फिरले. पैसे घेतले नाहीत. परवा नातवाला घेऊन जोतिबाचा तोच चढ चढले, काचा बंद ठेवून. वर पोचल्यावर त्याला विचारलं, डोकं दुखतंय का. तो भूक लागली म्हणाला.