कोविड रुग्णासाठी हेपॅरिन: प्रतिबंधक मात्रा की उपचारात्मक मात्रा?

करोनाबाधित रुग्णाला पोटाच्या त्वचेखाली दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनला आपल्याकडे सरसकट ‘रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन’ म्हटले जाते. वस्तुतः हेपॅरिनने रक्त पातळ होत नाही. त्याची गोठण्याची प्रक्रिया मंदावते. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आलेली सूज, दाहामुळे वाढलेले गोठण्याचे घटक आणि अंथरुणाला खिळून राहणे यांमुळे पायांच्या शिरांत व फुप्फुसांत गुठळ्या होण्याचा धोका असल्याने, दाखल झालेल्या बहुतेक रुग्णांना हे औषध द्यावे की नाही हा प्रश्न फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो मात्रेचा.

प्रतिबंधक मात्रा म्हणजे एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) सहसा दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम. उपचारात्मक मात्रा म्हणजे दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ७० किलोच्या माणसाला दुसऱ्या पद्धतीत दिवसाला १४० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीनपट औषध मिळते.

या दोहोंची तुलना करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्डातील रुग्णांपैकी अवयवांना कृत्रिम आधार न लागता घरी गेलेल्यांचे प्रमाण उपचारात्मक मात्रेत ८०.२ टक्के, तर नेहमीच्या प्रतिबंधक उपचारात ७६.४ टक्के होते; गंभीर रक्तस्राव अनुक्रमे १.९ व ०.९ टक्के रुग्णांत झाला. अतिदक्षता विभागात मात्र चित्र उलटले: जिवंत घरी गेलेले ६२.७ विरुद्ध ६४.५ टक्के, आणि गंभीर रक्तस्राव ३.८ विरुद्ध २.३ टक्के. ‘रुग्ण अधिक गंभीर, म्हणून डोस वाढवा’ हा नातेवाइकांचा स्वाभाविक आग्रह येथे टिकत नाही.

म्हणून ऑक्सिजनवर असलेल्या, पण व्हेंटिलेटर किंवा हाय-फ्लो ऑक्सिजन न लागलेल्या रुग्णासाठी, रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर, मी उपचारात्मक मात्रेकडे झुकेन. अतिदक्षता विभागात प्रतिबंधक मात्राच योग्य. मूत्रपिंड निकामी असणे, प्लेटलेट कमी असणे किंवा नुकताच रक्तस्राव झालेला असणे ही कारणे हे गणित बदलतात. केवळ डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात दिसणारा घटक) वाढले म्हणून मात्रा वाढवणे मला पटत नाही. वॉर्डातील फायद्याचा कल ते कमी असलेल्यांतही दिसला होता. हे आकडे मुख्यतः लसीकरणापूर्वीच्या काळातले आहेत, हेही ध्यानात ठेवावे. गुठळी तपासणीत सिद्ध झाली असेल, तर मात्र रक्तस्रावाची अडचण नसल्यास उपचारात्मक मात्राच द्यावी लागते आणि उपचार किमान तीन महिने चालतात.