इलॅस्टिकसर्चचे रोल आणि परवानग्या: फुकट परवान्यात कुठवर जाता येतं?

इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये यूजरला एकच रोल (परवानग्यांचा गठ्ठा) दिला, तर परवानग्यांची व्यवस्था कोणालाही लगेच कळते. दुसरा रोल दिला की तिचा खरा स्वभाव दिसतो. इथे परवानग्यांची फक्त बेरीज होते. ‘या इंडेक्सला (नोंदींच्या संचाला) हात लावायचा नाही’ असं सांगणारा नकाराचा नियमच नाही. म्हणून विभागाविभागाने रोल वाढत जाणाऱ्या संस्थेने हे उत्पादन घेताना आधी ही बेरीज समजून घ्यावी, मग बाकीची वैशिष्ट्यं बघावीत.

हे परीक्षण स्वतःच्या सर्व्हरवर चालवल्या जाणाऱ्या आठव्या मालिकेचं आणि तिच्या बेसिक, म्हणजे फुकट, परवान्याचं आहे. २०१९च्या मे महिन्यापर्यंत रोल आणि पासवर्ड हा सशुल्क भाग होता. ६.८ आणि ७.१ या आवृत्त्यांपासून तो फुकट झाला, आणि २०२२मध्ये आलेल्या ८.०पासून सुरक्षा आपोआप चालू असते. उघड्या पोर्टवर बिनपासवर्डाचे क्लस्टर (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचे गट) सोडून द्यायची जुनी सवय त्यामुळे मोडली, आणि त्याबद्दल या कंपनीचं मनापासून कौतुक करायला हवं. पहिल्यांदा सुरू करताच प्रमाणपत्रं तयार होतात, ‘इलॅस्टिक’ या मुख्य यूजरचा पासवर्ड टर्मिनलवर छापला जातो आणि किबाना हा त्याचा वेब पडदा जोडण्यासाठीचं टोकनही मिळतं. ते टोकन ३० मिनिटंच चालतं. पासवर्ड टिपून घ्यायचा राहिला तरी बिघडत नाही, ‘इलॅस्टिकसर्च-रीसेट-पासवर्ड’ ही आज्ञा नवा देते. मात्र हा यूजर अ‍ॅप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये घालू नये. आठव्या मालिकेत किबाना तर हे नाव स्वीकारतच नाही, त्याला स्वतःचा ‘किबाना_सिस्टीम’ यूजर लागतो.

उदाहरणासाठी सार्वजनिक ग्रंथालयांची जिल्हानिहाय शोधयंत्रणा घेऊ. तीन प्रकारचे इंडेक्स आहेत: सगळ्यांसाठी खुली ‘ग्रंथसूची’, वाचकांच्या फोन-पत्त्यांसह ‘सभासद’, आणि पुस्तकांच्या ये-जा नोंदींचा ‘देवघेव’. (इंडेक्सची, रोलची नावं प्रत्यक्षात लहान रोमन अक्षरांत ठेवा, म्हणजे आज्ञा टाइप करताना त्रास होत नाही.)

वेबसाइटच्या शोधपेटीला लागणारा रोल अगदी छोटा असतो. इंडेक्सच्या खान्यात ‘ग्रंथसूची’, त्यापुढे ‘रीड’ ही एकच परवानगी, आणि क्लस्टरचा खाना रिकामा. इथे बहुतेकांची गाडी एका साध्या गोष्टीवर अडते. यूजर चालतो का हे बघायला लोक सर्व्हरचा मूळ पत्ता उघडतात. तो उघडायला क्लस्टर पातळीची ‘मॉनिटर’ परवानगी लागते, ती नसल्यामुळे ४०३ हा नकाराचा कोड येतो, आणि पासवर्ड चुकला असं समजून तो बदलायची धावपळ सुरू होते. पासवर्ड चुकला तर ४०१ येतो. ४०३चा अर्थ ओळख पटली पण परवानगी नाही. ओळख तपासायची असेल तर ‘_सिक्युरिटी/_ऑथेंटिकेट’ हा पत्ता विचारावा, तो ओळख पटलेल्या कोणालाही उत्तर देतो आणि यूजरला कोणते रोल लागले आहेत तेही सांगतो.

४०३सोबत येणारा संदेश ही या उत्पादनाची सर्वांत आवडलेली गोष्ट. नेमकी कोणती क्रिया अडली, यूजर कोण, त्याचे रोल कोणते, इंडेक्स कोणता, आणि कोणती परवानगी दिली तर काम होईल, हे सगळं एका वाक्यात छापलेलं असतं. यूजरला नेमलेला रोल अस्तित्वातच नसेल, तर तो सापडला नाही हेही आठव्या मालिकेत लिहून येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण यूजर बनवताना रोलच्या नावात एक अक्षर चुकलं तरी सर्व्हर काही न बोलता ते नाव साठवून घेतो.

उलट, जिथे संदेश येतच नाही तिथे वेळ जातो. इंडेक्सचं नाव पूर्ण लिहून शोध केला आणि परवानगी नसेल, तर ४०३ मिळतो. तेच नाव ‘देवघेव-*’ असं चांदणी लावून दिलं, तर सर्व्हर आधी यूजरला दिसणाऱ्या इंडेक्सपुरता त्या चांदणीचा विस्तार करतो. एकही दिसत नसेल तर २००, म्हणजे ‘ठीक’चा कोड, आणि शून्य निकाल. पडद्यावर ‘नोंदी सापडल्या नाहीत’ असं येतं, आणि डेटा गायब झाला का, याचा शोध घेतला जातो. शून्य निकालाची तक्रार आली की पहिल्यांदा ‘_हॅज_प्रिव्हिलेजेस’ला विचारावं: या यूजरला या इंडेक्सवर ‘रीड’ आहे का? उत्तर हो किंवा नाही असं स्वच्छ मिळतं.

लिहिण्याच्या परवानग्यांची नावं मात्र फसवी आहेत. ‘राइट’मध्ये दस्तऐवज, म्हणजे नोंद, पुसण्याचाही अधिकार येतो, त्यामुळे दाखल नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला तो देऊ नये. त्याला ‘रीड’ आणि ‘इंडेक्स’ पुरतात: नवी नोंद, जुनीत दुरुस्ती, पुसणं नाही. देवघेवीच्या नोंदी फक्त भरत जायच्या, बदलायच्या नाहीत, तिथे ‘क्रिएट_डॉक’ द्यावी आणि पाठवताना क्रियेचा प्रकार ‘क्रिएट’ ठेवावा. नुसती ‘क्रिएट’ नावाचीही एक परवानगी आहे. नावावरून ती फक्त नवं भरू देईल असं वाटतं, पण तोच आयडी देऊन पुन्हा पाठवलं तर जुनी नोंद ती बदलू देते. हिशेबाच्या नोंदींसाठी ती चालणार नाही.

दरवर्षी नवा देवघेव इंडेक्स बनत असेल, तर १ एप्रिलला एक हमखास घोटाळा होतो. वर्षभर सुरळीत लिहिणारा यूजर नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या नोंदीला ४०३ खातो, कारण त्या नावाचा इंडेक्स अजून नाही आणि तो बनवायची परवानगी त्याच्याकडे नाही. उपाय म्हणून लोक ‘मॅनेज’ देऊन मोकळे होतात. ते टाळा, त्यात इंडेक्स काढून टाकण्याचाही अधिकार आहे. ‘ऑटो_कॉन्फिगर’ एवढ्यापुरतीच बनवलेली आहे.

आता बेरीज. सशुल्क परवान्यात दोन बारीक चाळण्या मिळतात: कोणते रकाने दिसावेत आणि कोणते दस्तऐवज दिसावेत. समजा, एका रोलमध्ये ‘सभासद’चे फक्त नाव आणि सभासद क्रमांक हे रकाने उघडे आहेत, दस्तऐवजांवर बंधन नाही. दुसऱ्या रोलमध्ये फक्त सातारा शाखेचे सभासद दिसतात, रकान्यांवर बंधन नाही. दोन्ही रोल एकाच व्यक्तीला दिले, की पहिला रोल तिला सगळे दस्तऐवज देतो आणि दुसरा सगळे रकाने. सगळ्या जिल्ह्यांतल्या सगळ्या सभासदांचे फोन नंबर तिच्यासमोर. हा बिघाड नाही, कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं वर्तन आहे. पण कार्यालयात रोल वाटणारा माणूस दोन कड्या लावल्या असं समजून निर्धास्त होतो, आणि धोका तिथेच आहे. एका इंडेक्सवरची दोन्ही बंधनं एकाच रोलमध्ये लिहावीत, आणि त्या इंडेक्सला स्पर्श करणारा दुसरा कोणताही रोल त्या व्यक्तीला देऊ नये.

२०२१मध्ये याच उत्पादनातून वेगळ्या झालेल्या ओपनसर्चमध्ये दोन फरक आहेत. या दोन्ही चाळण्या तिथे फुकट आहेत, आणि बंधन असलेला व नसलेला असे दोन रोल एकत्र आले तर मूळ सेटिंगप्रमाणे बंधनाचा रोल लागू राहतो. वैयक्तिक माहिती सांभाळणाऱ्या संस्थेसाठी आमच्या मते हेच वागणं बरोबर. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तिथल्या ‘सिक्युरिटीअ‍ॅडमिन’ स्क्रिप्टने जुन्या फाइली चढवल्या, तर पडद्यावरून मधल्या काळात केलेले यूजर आणि रोल त्याखाली पुसले जातात. चढवण्याआधी त्याच स्क्रिप्टने चालू स्थितीची प्रत काढणं चुकवू नये.

फुकट परवान्यात इलॅस्टिकसर्चवरच राहायचं असेल, तर दस्तऐवज चाळण्याऐवजी इंडेक्स वेगळे करावेत. ‘देवघेव-सातारा’, ‘देवघेव-सांगली’ असे ३६ जिल्ह्यांचे ३६ इंडेक्स, प्रत्येकी एक मूळ शार्ड (इंडेक्सचा साठवणीचा तुकडा) आणि एक प्रत, म्हणजे ७२ शार्ड. डेटा नोडमागे (डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरमागे) १,००० शार्डची मूळ मर्यादा आहे, तेव्हा हे आरामात बसतं. उत्साहात ३५८ तालुक्यांपर्यंत गेलात तर ७१६ होतात, आणि छोट्या छोट्या शार्डांचं ओझं मेमरीवर पडतं. जिल्ह्यावर थांबावं. याच पद्धतीने ‘ग्रंथसूची’ विभागली तर निकालांचा क्रमही बिघडतो: शब्द किती दुर्मीळ आहे याचा हिशेब प्रत्येक शार्ड आपापला करतो, त्यामुळे कमी पुस्तकांच्या जिल्ह्यात साध्या शब्दालाही भलतं वजन मिळतं. शोधाचा प्रकार ‘डीएफएस_क्वेरी_देन_फेच’ ठेवल्यास तो हिशेब एकत्र होतो, शोध मात्र थोडा मंदावतो.

नावं ठरवताना चांदणीचं भान ठेवावं. ‘ग्रंथ*’ असा रोल आज फक्त सूचीला लागतो, उद्या कोणी ‘ग्रंथपाल-वेतन’ नावाचा इंडेक्स बनवला की तोही त्यात आला.

३० दिवसांचा चाचणी परवाना घेऊन चाळण्या वापरून बघता येतात. मुदत संपल्यावर त्या असलेले रोल निष्क्रिय होतात, म्हणजे डेटा उघडा पडत नाही, पण त्या यूजरचं काम थांबतं. बाहेरच्या यूजर-यादीवरून लॉगिन करू देणारे एलडॅप, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आणि ऑडिट नोंदीही सशुल्क भागात आहेत. कोणी काय पाहिलं याची नोंद ठेवणं ज्या संस्थेला बंधनकारक आहे, तिला फुकट परवाना पुरणार नाही. किबानामधल्या स्पेसबद्दलही गैरसमज दिसतो. स्पेस डॅशबोर्ड वेगळे करते, डेटा नाही. डेटा रोलच अडवतो.

वेबसाइटसाठी यूजर-पासवर्डाऐवजी एपीआय की (प्रोग्रामने पासवर्डाऐवजी पाठवायची किल्ली) वापरावी. ती बनवताना तिचे अधिकार लिहिता येतात आणि मालकाच्या अधिकारांपेक्षा ती कधीच मोठी होत नाही. पण हे माप की बनवली त्या क्षणाचं असतं. नंतर मालकाचा रोल छाटला तरी जुनी की छाटली जात नाही, आणि मालक यूजर पुसला तरी ती चालत राहते. मुदत लिहिली नाही तर ती कधीच संपत नाही. कर्मचारी सोडून गेला की यूजर बंद करण्यासोबत त्याच्या नावावरच्या किल्ल्या शोधून वेगळ्या रद्द कराव्या लागतात. मुदत ९० दिवसांची ठेवलेली बरी.

यूजर, पडद्यावरून बनवलेले रोल आणि या किल्ल्या ‘.सिक्युरिटी’ या अंतर्गत इंडेक्समध्ये राहतात. स्नॅपशॉट (क्लस्टरची बॅकअप प्रत) घेताना ‘सिक्युरिटी’ ही फीचर स्टेट (त्या भागाच्या अंतर्गत इंडेक्सांचा संच) त्यात असल्याची खात्री करावी. ‘रोल्स.वायएमएल’ फाइलमधले रोल स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत, ती फाइल प्रत्येक नोडवर सारखी असावी लागते आणि तिची प्रत वेगळी ठेवावी लागते. स्नॅपशॉटमधून सुरक्षा परत आणण्याआधी एका नोडवर ‘इलॅस्टिकसर्च-यूजर्स’ आज्ञेने फाइलमधला तात्पुरता सुपरयूजर बनवावा आणि विनंत्या त्याच नोडला पाठवाव्यात, कारण इंडेक्समधले यूजर त्या वेळी बदलत असतात. काम झालं की तो यूजर काढावा. आणि स्नॅपशॉट घेतल्यानंतर रद्द केलेल्या किल्ल्या त्यासोबत पुन्हा चालू होऊन येतात, तेव्हा रद्द किल्ल्यांची यादी बाहेर जपून ठेवावी आणि परत आणल्याबरोबर त्या पुन्हा रद्द कराव्यात.