बोक्याच्या ऑपरेशननंतर लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये भरतात ते) कोणतं? सात महिने वापरून सांगते

आमचा गोट्या पाच वर्षांचा बोका. गेल्या जूनमध्ये त्याची लघवी तुंबली. दोनदा नळी घालून मोकळी केली, तिसऱ्यांदा तुंबली तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलं. यात बोक्याचा लघवीचा अरुंद भाग काढून टाकतात आणि शेपटीखाली रुंद तोंड करून देतात. म्हणजे जखम अशा जागी, की मांजर ट्रेमध्ये बसलं की ती थेट लिटरला टेकणार. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या-औषधांच्याही आधी हेच बजावलं: टाके निघेपर्यंत, साधारण १४ दिवस, गोळे होणारी माती वापरायची नाही.

तोवर आम्ही तीच वापरत होतो. ती असते बेंटोनाइट, म्हणजे ओल लागली की फुगून चिकटणारी चिकणमाती. एरवी हाच तिचा गुण. पण जखमही ओली असते. ते बारीक दाणे टाक्यांत जाऊन बसतात, तिथंच घट्ट होतात, आणि काढायला गेलं की टाके ओढले जातात. शिवाय धूळ.

ऑपरेशन अचानक ठरल्यामुळे घरात दुसरं काहीच नव्हतं. कागदाचं पेलेट, म्हणजे कागद दाबून केलेल्या कांड्या, बेळगावातल्या दुकानांत विचारलं, कुठंच मिळालं नाही, म्हणून ऑनलाइन मागवलं. ते यायला चार दिवस लागले. ते चार दिवस रद्दीवर काढले. वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून ट्रेमध्ये भरायच्या. जखमेला त्रास नाही, पण कागद लघवी नीट धरत नाही, तळाशी पाणी साचतं आणि पाय ओले होतात. प्रत्येक वेळेला पूर्ण ट्रे रिकामा करायचा. रात्री दोनला, चारला उठून मी आणि आई आळीपाळीनं पट्ट्या बदलत होतो. तरीही हातात दुसरं काही नसेल तर रद्दीच वापरा. शेजारच्या वैनींनी खानापूरच्या वखारीतून लाकडाचा भुसा आणून देते म्हणून सांगितलं होतं, मनापासून. मी नको म्हटलं. भुशाचा बारीक कण मातीसारखाच जखमेला चिकटतो. परसातली तांबडी माती तर अजिबातच नको.

पाचव्या दिवशी कागदाचं पेलेट आलं. करड्या रंगाच्या, तांदळाच्या दाण्यापेक्षा जाड अशा कांड्या. धूळ जवळजवळ नाही, अंगाला चिकटत नाहीत, ओल्या झाल्या की फुगून मऊ पडतात. गोट्यानं आधी हुंगलं, पंजानं दोन कांड्या बाहेर उडवल्या आणि मागं फिरला. मग मी ऑपरेशनआधीच्या ट्रेमधली माती नाही, तर त्याच्याच लघवीनं भिजलेल्या रद्दीची एक पट्टी कोपऱ्यात ठेवली. तासाभरात गेला. ही युक्ती लक्षात ठेवा.

थर दोन बोटांचाच ठेवा. कागदाचे गोळे होत नाहीत, त्यामुळे लघवी किती झाली ते कळत नाही, आणि या ऑपरेशननंतर तेच कळायला हवं. पातळ थरात ओला डाग गडद दिसतो. मी तो केवढा आहे ते वहीत लिहीत होते: वेळ, आणि डाग लिंबाएवढा की बटाट्याएवढा. पहिले काही दिवस किंचित गुलाबी होता, डॉक्टरांना फोटो पाठवला, चालेल म्हणाले. वास मात्र कागद धरत नाही. रोज पूर्ण बदलावं लागतं, त्यामुळे खर्च मातीच्या दुपटीहून जास्त झाला. दोन आठवड्यांसाठी तो करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रेचंही सांगते. गळ्यात प्लास्टिकची कॉलर असल्यामुळे ती ट्रेच्या काठाला अडकायची आणि तो तिथंच थबकून उभा राहायचा. शेवटी सुरी तापवून ट्रेची एक बाजू तीन बोटं उंचीपर्यंत कापली, कडेला चिकटपट्टी लावली. मग सरळ चालत आत गेला.

आणि फिनेल. आई म्हणाली, "अगं, जरा फिनेल घाल की, वास जातोय बघ." ते तिच्या हातातून अक्षरशः काढून घेतलं. फिनेलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, पंजाला लागून चाटली तरी विषबाधा होते. ट्रे गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुवा, उन्हात वाळवा.

टाके निघाल्यावर कागद बंद करून टोफू लिटर घेतलं. सोयाबीनच्या चोथ्याचं असतं, गोळे होतात, धूळ कमी. दहा दिवस थोडं थोडं मिसळत बदललं. सुरुवात छान झाली. पण ऑगस्टच्या झडीत आमच्या वडगावच्या घरात भिंतींनाही ओल असते, तिथं उघड्या पिशवीतल्या लिटरला हिरवट बुरशी धरली. अख्खी पिशवी फेकली. मग पाइनच्या लाकडाच्या कांड्या आणल्या. वास उत्तम दाबतात, पण भिजल्यावर त्यांचा भुसा होतो, आणि गोट्याला त्या पायाखाली टोचत असाव्यात. तिसऱ्या दिवशी त्यानं आजीच्या गोधडीवर लघवी केली. रागावले नाही, त्याच दिवशी कांड्या बंद केल्या. जखम पूर्ण भरली होती, म्हणून पावसाळाभर कमी धुळीची माती वापरली. ऑक्टोबरपासून परत टोफू, आता घट्ट झाकणाच्या तांदळाच्या डब्यात. आमच्या हवेत हाच हिशेब बसला.

हे ऑपरेशन झालेल्या बोक्यांना लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो, म्हणून ट्रे दिवसातून दोनदा साफ करते. बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय आणि लघवी येत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका. पूर्ण तुंबलं तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

वही अजून चालू आहे. आज सकाळी दोन गोळे, दोन्ही लिंबाहून मोठे.