नोहाच्या सात नियमांवरचा ऑनलाइन कोर्स केला, त्याबद्दल सविस्तर

आठ आठवड्यांचा कोर्स होता, आठवड्याला दीड तासाचं एक लाइव्ह सेशन, शिकवायला एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, आणि विषय एकच, ज्यू परंपरेने ज्यू नसलेल्या माणसांसाठी सांगितलेले सात नियम. मी ज्यू नाही आणि व्हायचंही नाहीये, आणि खरं तर कोर्सला नाव घातलं ते त्याचसाठी. बाहेरच्या माणसाला "आधी आमच्यात ये" म्हणणारे धर्म माहीत होते, पण "आहेस तिथेच राहा, एवढं पाळ, परलोकात तुलाही वाटा आहे" असं म्हणणारी परंपरा आहे हे वाचल्यावर मला राहवेना.

आधी नियम सांगते म्हणजे पुढचं कळेल. मूर्तिपूजा नको, देवाची निंदा नको, खून नको, निषिद्ध शरीरसंबंध नकोत, चोरी नको, जिवंत जनावराचा अवयव तोडून खायचा नाही, आणि न्यायालयं उभारायची. हे बंधन बने नोआखवर, म्हणजे बायबलमधल्या महाप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या लेकरांवर, म्हणजे प्रलयानंतर जगात जो वंश उरला त्या सगळ्यांवर, थोडक्यात तुमच्या माझ्यावर.

पहिल्या सेशनला जरा धाकधूक होती की प्रवचन ऐकावं लागणार. तसं काही झालं नाही, सरांनी सरळ तालमूद या ज्यू कायद्याच्या आणि चर्चांच्या जुन्या ग्रंथातलं, सॅनहेड्रिन या भागाचं पान स्क्रीनवर लावलं आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतलं. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातलं एकच वाक्य आहे, देवाने पहिल्या माणसाला, आदामाला, बागेतल्या झाडांची फळं खायला सांगितली ते, आणि रब्बी योहानान त्यातल्या एकेका शब्दातून एकेक नियम काढतात. मला ते ओढूनताणून वाटलं, आणि मी तसं विचारलंही. सर न चिडता म्हणाले पुढे वाचा, त्याच पानावर रब्बी इत्झाक कुठल्या शब्दातून कुठला नियम निघतो याची अदलाबदल करतात, आणि मनश्शेच्या शाळेची यादी तर वेगळीच, तिथे न्यायालयं आणि देवनिंदा नाहीत, त्याऐवजी खच्चीकरण आणि वेगवेगळ्या जातींच्या जनावरांचा किंवा झाडांचा संकर यांना बंदी आहे. मतभेद लपवून न ठेवता पहिल्याच दिवशी समोर मांडले, तिथेच माझा विश्वास बसला.

सगळ्यात भारी झालं ते जिवंत जनावराच्या मांसाचं सेशन. यादीत हा नियम वाचला की वाटतं हे काय मध्येच. पण त्यामागची गोष्ट अशी की आदामाला फक्त झाडपाला आणि फळं खायची परवानगी होती, मांस मिळालं ते प्रलयानंतर नोहाला, आणि परवानगी दिली त्याच दमात अटही घातली की जीव आहे तोवरचं मांस खायचं नाही. म्हणून रामबाम म्हणतात आदामाला सहा नियम होते, सातवा नोहापासून आला. (रामबाम म्हणजे मायमोनिडीझ, ज्यू कायद्याचे मोठे पंडित, जन्म कॉर्डोबाचा, 1204 मध्ये इजिप्तमध्ये वारले.) आणि बारकावा बघा, जनावर कापलं पण अजून तडफडतंय, तेवढ्यात तुकडा काढला, तर तो तुकडा ज्यू माणसाला जनावर पूर्ण मेल्यावर चालतो पण रामबामच्या मते नोहाच्या लेकराला चालतच नाही! आपल्याला सोपे नियम दिलेत असं समजून बसलेले आम्ही सगळे एकदम गप्प झालो. चोरीचंही तसंच, पेरुटा म्हणजे त्यांचं सगळ्यात लहान नाणं, त्याहून कमी किमतीची वस्तू उचलली तरी नोहाचं लेकरू दोषी.

चौथं सेशन एका अक्षरावर होतं. खरंच एका अक्षरावर. मिश्ने तोराह या आपल्या कायद्याच्या ग्रंथात राजांविषयीच्या कायद्यांच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी रामबाम लिहितात की हे सात नियम देवाने मोशेच्या द्वारे सांगितले म्हणून जो पाळतो तो जगातल्या राष्ट्रांमधला पुण्यवान, त्याला परलोकात वाटा आहे. आणि कोणी नुसतं स्वतःच्या बुद्धीला पटलं म्हणून पाळले तर तो पुण्यवानांतला नाही, इथपर्यंत ठीक, पण पुढे छापील प्रतींमध्ये "वेलो" आहे, म्हणजे "आणि त्यांच्या शहाण्यांतलाही नाही", तर हस्तलिखितांमध्ये "एला", म्हणजे "तर त्यांच्या शहाण्यांतला आहे". वाव की आलेफ, या दोन हिब्रू अक्षरांचा एवढाच फरक. सरांनी दोन्ही शब्द मोठे करून शेजारी शेजारी दाखवले आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिले, कारण आपल्या बुद्धीने चांगलं वागणाऱ्या माणसाला शहाणा म्हणायचं की नाही हे त्या अक्षरावर अडलेलं. तत्त्वज्ञ स्पिनोझाने 1670 मध्ये "नाही"वालं वाक्य धरून टीका केली, ज्यू विचारवंत मेंडेल्सझोनला 1773 मध्ये देवाने सांगितलं म्हणूनच पाळायचं ही अट इतकी टोचली की त्याने याकोब एमडेन या रब्बींना पत्र लिहून विचारलं. माझं मन त्या "एला"कडे आहे, आणि मला ते सांगायला संकोच वाटत नाही.

आता खटकलं ते. मूर्तिपूजेच्या सेशनला एका सहभागीने विचारलं की मूर्तीसमोर हात जोडणाऱ्या पण देव एकच मानणाऱ्या माणसाचं काय. प्रश्न मनापासूनचा होता आणि उत्तर पाच मिनिटांत उरकलं. शितूफ नावाची आख्खी चर्चा आहे, एका देवाबरोबर दुसऱ्याला जोडून पुजणं ज्यू नसलेल्यांना मना आहे की नाही यावर नंतरच्या रब्बींची मतं दोन्ही बाजूंनी आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या मेईरी या मध्ययुगातल्या रब्बींनी तर धर्माच्या चालीरीतींनी बांधलेली राष्ट्रं तालमूदमधल्या जुन्या मूर्तिपूजकांपेक्षा वेगळी धरली. हे मला नंतर स्वतः शोधून वाचावं लागलं, ते तिथेच सांगायला हवं होतं.

शिक्षांचंही तेच. मूळ ग्रंथात या नियमांच्या भंगाला मृत्युदंड आहे, तोही एका साक्षीदारावर आणि एका न्यायाधीशाच्या निकालावर. हे वाचताना पोटात गोळा येतो. रामबामने हे लिहिलं तेव्हा ज्यू लोकांच्या हातात राज्य नव्हतं हे मान्य, पण मग तेच समजावून सांगा ना, स्लाइड पुढे कशाला सरकवता.

आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार, न्यायालयांचा नियम शेवटच्या सेशनला अर्ध्या तासात गुंडाळला. बाकीचे सहा "करू नको" सांगतात, "करा" म्हणणारा हा एकच, आणि तो एकट्या माणसाला पाळताच येत नाही. उत्पत्तीतली शखेम गावाची गोष्ट घ्या, तिथल्या राजपुत्राने याकोबाच्या मुलीला, दीनाला, पळवून नेलं, गावाने बघितलं, माहीत होतं, आणि त्याचा न्याय केला नाही, म्हणून रामबामच्या मते अख्खं गाव दोषी. रामबान, म्हणजे नाखमानिडीझ (रामबामपेक्षा वेगळे रब्बी), हे मान्य करत नाहीत, त्यांच्या मते या नियमात फसवणूक, मजुराची थकवलेली मजुरी, नुकसानभरपाई, कर्ज, खरेदी-विक्री असा सगळा व्यवहारच येतो. दोघांपैकी कोणाचंही घ्या, बघत बसणाऱ्यांचं काय आणि मजुरी बुडवणाऱ्यांचं काय, हे प्रश्न कुठल्याही समाजाचे आहेत. यावर दोन सेशन हवी होती. त्याऐवजी वेळ गेला तो अमेरिकेच्या काँग्रेसच्या 1991 च्या ठरावात या सात नियमांचा उल्लेख आहे हे सांगण्यात, ठरावाची प्रत दाखवण्यात. लुबाविच या ज्यू पंथाच्या रेब्बेंनी, म्हणजे प्रमुखांनी, या नियमांचा प्रसार करायला जोर लावला होता त्यामुळे ते महत्त्वाचं आहे, कबूल, पण दोन वाक्यांत झालं असतं.

बाकी छोट्या गोष्टी: सबटायटलमध्ये हिब्रू शब्दांची पार वाट लागते, "शितूफ"चं काहीच्या काही येतं, त्यामुळे वही घेऊन बसा. रेकॉर्डिंग लवकर बंद होतात, नोट्स वेळेत उतरवा.

पाचपैकी चार स्टार. घेणार असाल तर राजांविषयीच्या कायद्यांचे आठ ते दहा हे तीन अध्याय आधी वाचून जा, फार मोठे नाहीत, आणि शेवटच्या सेशनला शखेमचा प्रश्न नक्की विचारा, सरांना विषय माहीत आहे, विचारलं तर ते मनापासून बोलतात.