साथीच्या दिवसांत डायलिसिस: केंद्रात जाऊन मशीनवर की घरी पोटातून?

एरवी गोव्यात डायलिसिस म्हटलं की घरचे मशीनकडेच वळतात. सगळं सिस्टर आणि टेक्निशियन बघतात, आपण फक्त हात पुढे करायचा. साथ आली की हे गणित बदलतं.

मशीनसाठी साधारण आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास लागतात. खेप चुकली की अंगावर सूज येते, धाप लागते, रक्तातलं पोटॅशियम चढतं. मार्च २०२० मध्ये बस बंद झाल्यावर काणकोण-सत्तरीच्या आतल्या गावांतून मडगाव किंवा बांबोळीचं रुग्णालय गाठायचं तर भाड्याची गाडी आलीच. राज्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्यापलीकडून येणाऱ्या सिंधुदुर्गातल्या रुग्णांचं तर विचारूच नका. शिवाय एकाच हॉलमध्ये ओळीनं खाटा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला कोविड जड जातो, लसही इतरांइतकी लागू पडत नाही. म्हणून ही गर्दी मला सगळ्यात जास्त खटकते.

पोटातून, म्हणजे सीएपीडीत, एक मऊ नळी पोटात बसवतात. दिवसातून तीन-चारदा दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी त्यातून आत सोडायची, काही तासांनी ते पाणी काढून नवी सोडायची. प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास जातो. विजेवर काही अडत नाही, हे पावसाळ्यात फार मोठं. पथ्यही जरा सैल होतं, कारण रक्ताची सफाई रोज चालू असते. मात्र त्या पाण्यातून प्रथिनं निघून जातात, तेव्हा ताजी मासळी आणि अंड्याचा पांढरा भाग वाढवावा लागतो. सुकी मासळी मिठामुळे दोन्हीकडे वर्ज्यच. पाण्यात ग्लुकोज असतं, मधुमेह असेल तर साखर वाढते.

खरी भीती पोटातल्या जंतुसंसर्गाची. पिशवी बदलताना हात नीट धुतलेले, तोंडावर मास्क, पंखा आणि खिडक्या बंद; घरात सतत माणसांची ये-जा असेल तर हे पाळणं कठीण. निघालेलं पाणी गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर त्याच दिवशी रुग्णालय, टाळेबंदी असली तरी. जागाही हवी: दिवसाला चार म्हणजे महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर. खोकी जमिनीवर ठेवू नका, आपल्याकडच्या ओलीनं पुठ्ठा भिजतो. पुरवठा खोळंबेल हे धरून थोडा साठा जास्तच ठेवा.

घरात एक शिस्तीचं माणूस आणि एक कोरडी खोली असेल, केंद्रही लांब असेल, तर मी पोटातूनच म्हणेन. एकटं राहणाऱ्यानं, नजर अधू असलेल्यानं किंवा पोटाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया झालेल्यानं मशीनच धरावं. खर्चाचं म्हणाल तर गोवा सरकारच्या आरोग्य विम्यात, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत, पिशव्या बसतात का, हे नळी बसवण्याआधीच विचारून घ्या.

आणि रक्त तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की वाढतं ते) चढू लागलं की लगेच डॉक्टरांशी बोला. नळीची जखम भरायला साधारण दोन आठवडे जातात, मशीनसाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला तयार व्हायला त्याहून बरेच जास्त.