फुकट तपासणीच्या नावाखाली १५,०९८ रुपये: नागपूरच्या बायांनो, सावध राहा

मानेवाडा, बेसा, नंदनवन, कुठंही 'महिला आरोग्य शिबिर' लागलं आणि टेबलावर कांडीवाली मशीन दिसली, की चप्पल घालून परत फिरा. मशीन म्हणजे ती 'क्वांटम ॲनालायझर', कांडी धरून सगळ्या शरीराची तपासणी करते म्हणून सांगतात ती. हातात कांडी धरायची, सुई नाही, रक्त नाही, आणि मिनिटाभरात जाडजूड रिपोर्ट. नोंदणी ९९ रुपये. चूर्णाच्या पुड्यांचा तीन महिन्यांचा कोर्स १७,५५० चा, 'आजच घ्या' म्हणून १४,९९९. आमच्या वस्तीतल्या ११ जणींनी घेतला, म्हणजे १,६६,०७८ रुपये गेले.

अडाणी नव्हतो आम्ही. मंदिराचा हॉल, पांढरा कोट, बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो. शंका कोण घेणार? शिवाय थकवा, कंबरदुखी, केस गळणं, पाळी पुढेमागे होणं, हे चाळिशीतल्या कोणत्या बाईला नसतं? पाच तक्रारी सांगितल्या की तीन-चार जुळतातच.

पण एका क्षणी तरी डोकं ठिकाणावर यायला हवं होतं. पिशवी काढून कित्येक वर्षं झालेल्या काकूंच्या रिपोर्टात छापून आलं, 'गर्भाशय: मध्यम सूज'. काकूंनी तिथंच विचारलं, "अहो, माझी पिशवी तर काढली नं?" कोटवाला म्हणतो, "काकू, अवयव जाते, त्याची लहर राहते." अन् हॉलभर बाया हसल्या. हसल्या! त्याच मिनिटाला उठायचं होतं. मशीन काहीच मोजत नाही. सुरुवातीला वय, उंची, वजन, बाई की पुरुष हे टाकून घेतात, त्यावरून आकडे निघतात. पाहायचंच असेल तर वय वीस वर्षांनी कमी सांगून पुन्हा कांडी धरा. अशी कांडी धरून हिमोग्लोबिन सांगणारा तर सरळ थापा मारतो.

पुड्यांसोबत तोंडी हुकूम होता: 'इंग्रजी गोळ्या बंद.' एकीनं थायरॉईडची गोळी सोडली. पहिले काही दिवस काहीच जाणवलं नाही, कारण ते औषध शरीरातून निम्मं उतरायलाच आठवडा लागतो. पुडी लागू पडली असं वाटलं ते इथंच. पुढं पाय सुजले, पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं, थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, टीएसएच, पार ३८ वर. ती गोळी उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या-एक तासानं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. डॉक्टरांशिवाय सोडायची नाही.

दुसरीची पाळी जाऊन चार वर्षं झालेली, पुन्हा डाग दिसला. शिबिरात निदान काय, तर 'उष्णता'. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी सोनोग्राफी हवी. गर्भाशयाचं आतलं अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड निघालं तर त्याचा तुकडा तपासायला पाठवतात, कारण तिथं कर्करोग असू शकतो. यासाठी नागपुरात सरकारी दवाखाने आहेत: डागा आहे, मेयो आहे, मेडिकल आहे. रांग लागते, पण मशीनसारखं खोटं नाही.

रक्त कमी असेल तर १४,९९९ चं चूर्ण कशाला? लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. शौच काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन १२ वर आलं तरी साठा भरायला आणखी तीन महिने चालू ठेवावी लागते. गरोदर बाईनं मात्र डॉक्टरांनाच विचारावं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच हातानं दिले. पावती दाखवली तर तिच्यावर 'सहयोग राशी' लिहिलेलं, म्हणून ही देणगीच झाली म्हणे! यूपीआय केलं ते कंपनीला नाही, कुणातरी पोराच्या खात्यात. अन्न व औषध प्रशासनातले औषधवाले म्हणाले, पुडीवर अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर आहे, हे औषधच नाही. अन्नवाले म्हणाले, रोग बरा करण्याचा दावा आहे, म्हणजे औषधवाल्यांचं काम. 'पाळीचे विकार बरे करतो' अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. ते दाखवलं तर साहेब म्हणाले, बॅनरचा फोटो कुठाय? बॅनर त्यांनी संध्याकाळीच उतरवलेला.

म्हणून बॅनरचा फोटो आधी काढा. कोटवाल्याचा डॉक्टर म्हणून असलेला नोंदणी क्रमांक मागा, रोख देऊ नका, रिपोर्ट अन् रिकामी पुडी फेकू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा. आमच्या ११ पैकी फक्त चौघींकडं पुडी शिल्लक निघाली, त्यांचाच अर्ज जाणार आहे.